पेरू देशीं जाणारांस

नेरूळच्या उद्यानांत सकाळचें फिरणें आटोपून बाकावर विसावणारी जी आम्हां पेन्शनरांची मंडळी आहे, तिच्या बोलण्यांत गेल्या कांहीं वर्षांत मोठा पालट झाला आहे. पूर्वी विषय निघे तो काशीचा, रामेश्वराचा, फार तर बदरीकेदाराचा. आतां कोणाचा मुलगा न्यू जर्सींत, कोणाची लेक टोराँटोंत. आणि नातवंडें सांभाळण्यास गेलेले आजीआजोबा सहा महिन्यांनीं परत येतात ते कोठल्या कोठल्या देशांचीं नांवें घेत. मीही त्यांतलाच एक. २०२४ च्या जून महिन्यांत थोरल्या मुलाकडे अमेरिकेस गेलों असतां तेथून पुढें दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाची पंधरा दिवसांची यात्रा मला व सौ.ला घडली. परत आल्यापासून ‘मास्तर, आम्हीही जाऊं म्हणतों, काय काय लागतें?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकला कीं, एकदां सर्व लिहूनच काढावें असें ठरविलें.

मी कांहीं जगप्रवासी नव्हे. शालान्त परीक्षेपर्यंतचें शिक्षण, पाठशाळेंत घोकलेलें संस्कृत आणि पस्तीस वर्षांची मास्तरकी एवढेंच माझें भांडवल. भूगोलाच्या तासाला भिंतीवरील नकाशावर छडी टेकवून ‘ही अँडीज पर्वताची रांग, हा पेरू देश, राजधानी लिमा’ असें मीं किती पिढ्यांना सांगितलें असेल याची गणती नाहीं. पुढील मजकूर साठीच्या आसपासच्या, शाकाहारी, बेताच्या ऐपतीच्या आणि मुलांच्या सोबतीनें जाणाऱ्या गृहस्थांसाठीं व गृहिणींसाठीं आहे. त्यांत माझ्या हातून झालेल्या एका चुकीचीही हकीकत आहे. ती सांगतांना मान खालीं जाते. पण ती गाळली तर बाकीच्या सूचनांना फारसा अर्थ उरणार नाहीं.

प्रथम देशाची ओळख. आमच्या नातवानें निघतांना विचारलें, ‘आजोबा, पेरूंत पेरू मिळतात का?’ मिळतात; तिकडे त्यांना ग्वायाबा म्हणतात. देश महाराष्ट्राच्या चौपटीहून थोडा मोठा असून त्याचे उभे तीन पट्टे पडतात. पश्चिमेस समुद्रकांठचें रुक्ष वाळवंट, मध्यें अँडीजचे उंच डोंगर, आणि पूर्वेस अॅमेझॉनचें घोर अरण्य. राजधानी लिमा हें स्पॅनिश लोकांनीं १५३५ सालीं वसविलेलें शहर समुद्रकांठीं आहे. तेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. मात्र जून ते सप्टेंबर आकाश करड्या धुक्यानें झांकलेलें असतें आणि हवा दमट व गार असते. बहुतेक प्रवासी लिमाला उतरून कुस्को या डोंगरांतील शहराकडे जातात. कुस्को ही इंका राजांची प्राचीन राजधानी. आणि तिच्याच पलीकडे माचू पिच्चू हें डोंगरमाथ्यावरचें प्रसिद्ध पुरातन नगर.

आतां कागदपत्रें. भारतांतून पेरूला थेट विमान नाहीं. युरोपांतून किंवा अमेरिकेंतून जावें लागतें. आमच्या उलवे-पनवेलच्या बाजूस नवा विमानतळ २०२५ सालीं सुरू झाला. आम्ही निघालों तेव्हां तो नव्हता, सहारलाच जावें लागलें. अमेरिकेंत नुसतें विमान बदलावयाचें असलें तरी त्या देशाचा व्हिसा लागतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्या भारतीय नागरिकाजवळ अमेरिकेचा, कॅनडाचा, इंग्लंडचा, ऑस्ट्रेलियाचा किंवा शेंगेन गटांतील देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा आहे, त्यास पर्यटनासाठीं पेरू सरकार वेगळा व्हिसा मागत नाहीं; इतरांस तो नवी दिल्ली येथील पेरूच्या वकिलातींतून घ्यावा लागतो. मुदतीचे नियम बदलत असतात. म्हणून तिकिटें काढण्यापूर्वी वकिलातीकडूनच खात्री करून घ्यावी. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबूं नये, माझ्याही नव्हे.

याहून महत्त्वाची बाब पीतज्वराच्या लशीची. हा ताप डांसांपासून होतो व पेरूंतील पूर्वेकडच्या अरण्यभागांत त्याचें भय आहे. लिमा, कुस्को व माचू पिच्चू एवढेंच पाहणारास तें जवळजवळ नाहीं. परंतु भारत सरकारच्या यादींत सबंध पेरू देश येतो. त्या देशांतून निघाल्यावर सहा दिवसांच्या आंत जो भारतांत उतरेल त्याजवळ लशीचा दाखला नसला तर त्यास सहा दिवसांपर्यंत वेगळें ठेवण्यांत येतें. लस टोंचून घेतल्यावर दहा दिवसांनीं दाखला लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. ती सरकारमान्य केंद्रांतच घ्यावी लागते. येथें आमच्या वयाच्या लोकांनीं सावध असावें. साठी उलटलेल्यांस या लशीचा त्रास होण्याचा संभव तरुणांपेक्षां अधिक असतो. म्हणून आपल्या नेहमींच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून ती घेऊं नये. आमच्या डॉक्टरांनीं ‘अरण्यांत जाणार नसाल तर टाळा’ असें सांगितलें. म्हणून आम्हीं पेरूची यात्रा आधीं केली, मग मुलाकडे परत येऊन तीन आठवडे राहिलों आणि नंतर मायदेशीं आलों. सहा दिवसांचा प्रश्नच उरला नाहीं. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांस ही युक्ति सहज साधेल.

जाण्याचा काळ मे ते सप्टेंबर. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतु उलटे, हें शाळेंत सर्वच शिकले आहेत. परंतु ट्रंक भरतांना तें कोणाच्याही लक्षांत राहत नाहीं. जून-जुलै हा तिकडचा हिवाळा, आणि डोंगरांत तोच कोरडा, निरभ्र काळ. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारींत तो सर्वांत जास्त. हिवाळ्यांत कुस्कोला रात्रीं पारा शून्याच्या आसपास उतरतो, आणि साध्या उतारूगृहांत खोल्या तापविण्याची सोय नसते. दिवसा मात्र ऊन कडक लागतें. म्हणून एकच जाड कोट नेण्यापेक्षां एकावर एक घालतां येतील असे तीन पातळ गरम कपडे, कानटोपी, पायमोजे, आणि उन्हासाठीं रुंद कांठाची टोपी न्यावी. बूट नवे नेऊं नयेत. महिनाभर पामबीच रस्त्यावर वापरून मऊ केलेले न्यावेत. आपल्याकडील बारीक गोल पायांचा विजेचा प्लग तेथें बहुधा चालतो.

आतां चुकीची हकीकत सांगतों.

लिमाहून कुस्कोला विमान सुमारें सव्वा तासांत पोंचतें. कुस्कोची उंची सुमारें ३,४०० मीटर. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर. म्हणजे सकाळीं समुद्रकांठीं चहा घेतलेला माणूस दुपारीं कळसूबाईच्या दुपटीहून उंच जागीं जेवावयास बसतो. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांश. तेव्हां प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच मानानें कमी. शरीर याला सरावतें, परंतु त्याला कांहीं दिवस लागतात. तो वेळ न दिल्यास जें दुखणें होतें त्याला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात. उंचीबरोबर हवा विरळ होते, हें वाक्य मीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिलें होतें.

आम्ही २१ जूनला लिमाला उतरलों. त्या दिवशीं वटपौर्णिमा होती. सौ.नें खोलींतच कागदावर वडाचें चित्र काढलें, त्याला सूत गुंडाळलें, आणि मिळालीं तीं फळें वाण म्हणून सुनेच्या हातीं ठेविलीं. कुस्कोंत २४ जूनला ‘इंती रायमी’ म्हणजे सूर्याचा उत्सव असतो. दक्षिण गोलार्धांत जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत दिवस सर्वांत लहान होऊन मग वाढूं लागतो. आपल्याकडे डिसेंबरांत उत्तरायण लागतें तसेंच हें. इंका राजे त्या वेळीं सूर्याची मोठी पूजा करीत. स्पॅनिश अमलांत ती बंद पडली. १९४४ पासून शहरावरील साक्सायवामान नांवाच्या प्रचंड दगडी तटांच्या मैदानावर ती नाट्यरूपानें पुन्हा होऊं लागली. सूर्योपासना हा माझा आवडीचा विषय. हा उत्सव पाहावयाचा असें मीं कित्येक वर्षें मनांत धरलें होतें.

सुनेनें आधींच सुचविलें होतें, ‘बाबा, कुस्कोला उतरल्याबरोबर गाडीनें खालच्या खोऱ्यांत राहावयास जाऊं. उत्सवापुरते वर येऊं.’ मी म्हणालों, ‘अगं, केदारनाथ याहून उंच. तेथें मला कांहीं झालें नाहीं. आणि पारसिकची टेकडी मी रोज चढतों.’ केदारनाथास आम्ही दोन दिवस पायीं चढत गेलों होतों, आणि त्या वेळीं मी पंचेचाळीस वर्षांचा होतों, या दोन्ही गोष्टी मीं सोयीनें विसरलों. २३ तारखेस दुपारीं कुस्कोला पोंचल्यावर, उद्यां गर्दी होईल म्हणून आजच जागा पाहून ठेवूं असा आग्रह धरून मीं सर्वांना त्या तटांच्या चढणीवर नेलें. वाटेंत दोनदां सौ.ला विचारलें, ‘दमलीस का गं?’ दोन्ही वेळां ती म्हणाली, ‘नाहीं, बरी आहें. चला.’

रात्रीं अकराच्या सुमारास तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. डोकें फुटेलसें दुखत होतें. आडवें पडलें कीं श्वास पुरेना, म्हणून ती उशीला टेकून बसून राहिली. बोलावलेला डॉक्टर एक वाजतां आला. त्यानें बोटाला लहानसें यंत्र लावून रक्तांतील प्राणवायूचें मान पाहिलें, नाकाला प्राणवायूची नळी लावली, आणि मोडक्या इंग्रजींत एकच गोष्ट दोनदां सांगितली : ‘उजाडतांच खालीं न्या. खालीं नेणें हेंच औषध.’ मुलगा व सून आळीपाळीनें जवळ बसलीं. मी खुर्चीवर बसून त्या नळीचा बारीक आवाज ऐकत होतों. दोन दिवसांपूर्वी माझ्या आयुष्यासाठीं कागदाच्या वडाला सूत गुंडाळणारे तिचे हात पांघरुणावर गार पडले होते.

पहाटे पांच वाजतां आम्ही मोटारीनें निघालों. उत्सवासाठीं रंगीत कपडे घातलेलीं माणसें तेवढ्यांतच चौकाकडे जाऊं लागलीं होतीं. उरुबांबा नदीच्या खोऱ्यांत, कुस्कोपेक्षां सुमारें पांचशें मीटर खालीं उतरल्यावर, दुपारपर्यंत तिचें डोकें हलकें झालें आणि तिनें मऊ भात मागितला. मग म्हणाली, ‘काल विमानांतून उतरल्यापासूनच डोकें दुखत होतें.’ मीं विचारलें, ‘मग बोलली का नाहींस?’ ती म्हणाली, ‘अहो, तुम्ही किती वर्षें त्या उत्सवाचें बोलत होतां!’ मला उत्तर सुचलें नाहीं. उत्सव अर्थात् पाहावयाचा राहिला. ३,८०० मीटरांवरील तितिकाका सरोवराचा बेतही आम्हीं सोडला. त्याचे भरलेले पैसे बुडाले. त्याविषयीं घरांत कोणीही एक शब्द काढला नाहीं.

या अनुभवावरून काढलेले नियम असे. लिमाहून कुस्कोला उतरल्यावर तेथें न थांबतां त्याच दिवशीं उरुबांबाच्या खोऱ्यांत मुक्कामास जावें. तेथून ओयांतायतांबोमार्गें माचू पिच्चूला जावें. तें २,४३० मीटर, म्हणजे कुस्कोहून बरेंच खालीं आहे. कुस्को शेवटीं पाहावें. पहिले दोन दिवस चढण चढूं नये, पोटभर जेवूं नये, मद्य वर्ज्य करावें, पाणी पुष्कळ प्यावें. उंचीच्या दुखण्यावर आधींपासून घ्यावयाच्या गोळ्या मिळतात, पण रक्तदाबाचीं किंवा इतर औषधें चालू असणारांनीं त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असणारानें तर निघण्यापूर्वीच तपासून घ्यावें. डोकेंदुखी, मळमळ, झोंप न लागणें हीं पहिलीं लक्षणें. तीं दिसतांच तेथेंच थांबावें. बसल्या जागीं धाप लागणें, चालतांना झोक जाणें, बोलण्यांत असंबद्धता येणें यांपैकीं कांहीं दिसलें तर रात्र असो कीं दिवस, खालीं उतरावें. तिकिटाच्या पैशांकडे पाहूं नये. आणि सर्वांत मुख्य म्हणजे सोबतच्या माणसाला वेळोवेळीं विचारावें, आणि ‘बरी आहें’ असें उत्तर आलें तरी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा विचारावें. आपल्या घरांतील बायकांना दुखणें सांगण्याची संवय नसते. आणि आपल्याला तें ओळखण्याची नसते.

खोऱ्यांत सक्तीनें मिळालेल्या विश्रांतीमुळें एक लाभ झाला. तेथील अन्नाची ओळख झाली. शाकाहाऱ्यांची काळजी येथें सांगतों. ‘मी शाकाहारी आहें’ एवढें सांगून भागत नाहीं, कारण कोंबडी म्हणजे मांस नव्हे असें मानणारे तेथें पुष्कळ. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासळी नको, असें तिन्ही म्हणावें. अंडें नको असल्यास ‘सिन वेवो’ जोडावें. भाजीच्या सारांतही बहुधा हाडांचा रस्सा असतो. त्याला ‘काल्दो’ म्हणतात, त्याचीही चौकशी करावी. तें सर्व एका कागदावर स्पॅनिश भाषेंत लिहवून खिशांत ठेवावें. कुस्को व लिमा येथें निव्वळ शाकाहारी खानावळीही आहेत. नळाचें पाणी पिऊं नये.

परंतु अन्नाचें खरें आश्चर्य निराळेंच आहे. आमच्या प्रवासांत २ जुलैला एकादशी आली. उपवासाचें काय करावें या चिंतेंत सौ. सुनेला घेऊन गांवच्या बाजारांत गेली आणि हंसत परत आली. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. पेरूंत त्याच्या तीन हजारांवर जाती आहेत, आणि त्यांच्या अभ्यासासाठीं लिमा येथें १९७१ पासून एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. रताळीं तिकडचींच. भुईमुगाची शेंग दक्षिण अमेरिकेची. उत्तर पेरूंत सिपान येथें १९८७ सालीं उघडलेल्या एका प्राचीन राजाच्या थडग्यांत सोन्यारुप्याच्या शेंगांचा कंठा सांपडला आहे. मिरचीही त्याच खंडाची. आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा तेथें ‘युका’ या नांवानें उकडून खातात. राजगिऱ्याची एक जात तेथें ‘किविचा’ म्हणून पिकते, आणि तिचे फुलविलेले दाणे गोड पाकांत वळून विकतात. तो केवळ आपला राजगिऱ्याचा लाडू! थोडक्यांत, ज्या ताटाला आपण पिढ्यान् पिढ्या अत्यंत सोवळें मानून उपवासाला बसतों, त्यांतील बहुतेक जिन्नस पोर्तुगीजादि परकी लोकांच्या गलबतांतून चारपांच शतकांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर उतरलेले आहेत. बटाटा हा शब्दही त्यांच्याच तोंडून आपल्याकडे आला. त्या दिवशींचें फराळाचें ताट आम्ही परक्या देशांत बसून खाल्लें कीं त्या जिन्नसांच्या माहेरीं, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

गृहिणींस आणखी एक गंमत सांगतों. डोंगरांतील बायका बटाटे रात्रीच्या दहिंवरांत गोठवितात, सकाळीं पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढतात आणि उन्हांत वाळवितात. या ‘चुन्यो’ नांवाच्या बटाट्यांना कित्येक वर्षें कांहीं होत नाहीं. सांडगे-कुरडया घालणाऱ्या आमच्या सौ.नें त्या बाईशीं हातवारे करून अर्धा तास संभाषण केलें. दोघींची भाषा एक नव्हती. विषय एक होता.

कोका नांवाच्या पाल्याचा काढा तेथें चहासारखा सर्वत्र देतात. उंचीच्या त्रासावर तो बरा, अशी लोकांची समजूत आहे, आणि तो तेथें कायदेशीर आहे. परंतु त्या पानाचें एक पाकीटही सामानांतून आणूं नये. अमेरिकेंत व भारतांत तो मादक पदार्थ म्हणून गुन्हा आहे.

माचू पिच्चूची व्यवस्था आतां सांगतों. तेथें मोटारीचा थेट रस्ता नाहीं. ओयांतायतांबोहून आगगाडीनें दोन तासांच्या आंतबाहेर पायथ्याच्या गांवीं जावें, व तेथून नागमोडी रस्त्यानें बसमधून वर चढावें. दिवसाच्या प्रवाशांची संख्या ठरलेली असते. म्हणून तिकिटें कित्येक आठवडे आधीं काढावीं. तिकिटावर वेळ व आंत फिरण्याचा मार्ग ठरलेला असतो, आणि पासपोर्टावरील नांवाशीं तें ताडून पाहतात. पासपोर्ट बरोबर न्यावा. शौचालय दरवाजाबाहेरच आहे, आणि एकदां आंत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा आंत जातां येत नाहीं. आमच्या वयाच्या लोकांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. पायऱ्या दगडी, उंच व विषम आहेत. काठी असावी, तिच्या टोंकाला रबर असावें. पावसाळी अंगरखा जूनमध्येंही बरोबर असूं द्यावा.

हें नगर पंधराव्या शतकांतील. १९११ सालीं हायरम बिंगहॅम नांवाच्या अमेरिकन अध्यापकानें तें जगाच्या नजरेस आणलें. तेथील शेतकऱ्यांस तें पूर्वीपासून ठाऊक होतेंच. ढगांतून एकेक भिंत उघडी पडत जाते तें दृश्य शब्दांत सांगण्याच्या भरीस मी पडत नाहीं. दगडावर दगड चुन्यावांचून असे बसविले आहेत कीं फटींत चाकूचें पातें जात नाहीं. कुस्कोंत १९५० सालीं भूकंप झाला तेव्हां स्पॅनिश इमारती कोसळल्या, पण त्यांच्या पायाशीं असलेल्या इंकांच्या भिंती उभ्या राहिल्या. या लोकांना लिपि नव्हती. हिशेब ते दोऱ्यांना गांठी मारून ठेवीत, आणि त्या गांठींत एकं-दहं-शतं अशीं स्थानें असत. वेद शतकानुशतकें कंठांत जपणाऱ्या परंपरेंत वाढलेल्या माणसास लिपीवांचून उभें राहिलेलें राज्य फारसें अशक्य वाटूं नये.

व्यवहारांत स्पॅनिश भाषा चालते. ‘ग्रासियास’ म्हणजे आभार, ‘क्वांतो क्वेस्ता’ म्हणजे किंमत काय, ‘बान्यो’ म्हणजे शौचालय, एवढे शब्द पुष्कळ झाले. डोंगरांतील लोकांची मातृभाषा केचुआ. तिचें व्याकरण ऐकून माझा कान टवकारला. ‘वासि’ म्हणजे घर, ‘वासिपि’ म्हणजे घरांत, ‘वासिमान्ता’ म्हणजे घराहून. आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणेंच शब्दाच्या शेवटीं सर्व कारभार! पेय पितांना पहिले थेंब ते ‘पाचामामा’ म्हणजे भूमातेसाठीं जमिनीवर सोडतात. ताटाभोंवतीं चित्राहुति घालणाऱ्याला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाहीं.

नाणें ‘सोल’. लहान रकमेच्या नोटा जवळ असाव्या, कारण सुट्याची टंचाई सर्वत्र. डॉलर नेल्यास कोरे करकरीत न्यावे. कोपरा फाटलेली नोट कोणी घेत नाहीं. रस्त्यावरची टॅक्सी हात करून थांबवूं नये, उतारूगृहांतून मागवावी. गर्दींत खिसा व पिशवी सांभाळावी, पासपोर्टाच्या नकला वेगळ्या ठेवाव्या. लिमांत भिंतींवर मोठें ‘एस्’ अक्षर दिसतें; भूकंप झाल्यास उभें राहण्याची ती सुरक्षित जागा, ती आल्याबरोबर पाहून ठेवावी. लामा घेऊन उभ्या असलेल्या बायकांचें छायाचित्र विचारल्यावांचून काढूं नये, आणि काढल्यास दोन पैसे द्यावे. घड्याळ आपल्याहून साडेदहा तास मागें चालतें. घरीं फोन करतांना हिशेब करावा.

शेवटच्या दिवसांत अमावास्या जवळ आली होती. खोऱ्यांतील काळोखांत एके रात्रीं आम्ही अंगणांत उभे राहिलों. ध्रुव तेथून दिसत नाहीं. तो क्षितिजाखालीं असतो. उलट, नवी मुंबईहून दक्षिणेस क्षितिजालगत कसाबसा दिसणारा त्रिशंकु तेथें चांगला उंच चढलेला होता. तेथील लोक आकाशगंगेंतील ताऱ्यांइतकेच तिच्यांतील काळे डागही ओळखतात आणि त्यांत लामाचा आकार पाहतात. सौ.ला तो आधीं दिसला, मला मागाहून.

मग दोन दिवस पुन्हा कुस्कोला गेलों. शरीर आतां सरावलें होतें; कोणालाही त्रास झाला नाहीं. साक्सायवामानची ती चढण आम्ही पुन्हा चढलों. मैदान रिकामें होतें, उत्सव होऊन दहा दिवस लोटले होते. या वेळीं एक नियम आम्हीं केला होता, आणि वयस्कर मंडळींनीं कोठेंही, अगदीं खारघरच्या डोंगरावर जातांनाही, तो पाळावा अशी माझी विनंति आहे. जो सर्वांत हळू चालतो त्यानें पुढें चालावें, आणि बाकीच्यांनीं त्याच्या पावलानें मागें यावें. सौ. पुढें होती. वीस पावलें झालीं कीं ती थांबे, मागें वळून माझ्याकडे पाही, आणि पुन्हा चालूं लागे.